शिबिराची याद

पंचगंगेवरील पूल ओलांडून पुण्याच्या दिशेने निघालेल्या प्रवाशाला महामार्गाच्या कडेने धुरांड्यांची आणि पत्र्याच्या शेडांची जी वसाहत लागते, आणि जिच्यातील भट्ट्यांत रात्रंदिवस लोखंड वितळत असते, त्या शिरोली एमआयडीसीलगत, हातकणंगले तालुक्याच्या हद्दीत, आमची एक साधी शाळा आहे. तिच्यातील बहुतेक मुले फौंड्रीत साचे भरणाऱ्यांची, ओतकाम करणाऱ्यांची, मशीन शॉपमध्ये लेथवर उभे राहणाऱ्यांची. काहींचे आईबाप आसपासच्या गावांतले, तर काहींचे बिहार, उत्तर प्रदेश अशा दूरच्या मुलखातून पोटासाठी येथे आलेले. या मुलांपैकी सहावी-सातवीतील साठ जणांना मार्गशीर्षाच्या थंडीत दोन रात्रींच्या मुक्कामासाठी पन्हाळ्याच्या पायथ्याशी शिबिरास न्यावे असे ठरले, तेव्हा त्या तयारीची मसलत करण्याकरिता एका संध्याकाळी शाळेच्या कचेरीत दोन माणसे समोरासमोर बसली, आणि शाळेचे दप्तर पंचवीस वर्षे सांभाळून निवृत्त झालेला मी टिपण घेण्यासाठी त्यांच्या शेजारी बसलो.

त्यांपैकी एक आमच्या मुख्याध्यापिका बाई. दुसरे पॅटर्नचे मेस्त्री. चाळीस वर्षे लाकडात आणि ॲल्युमिनियममध्ये ओतीव भागांचे नमुने घडवलेला, बोलण्यात संयमी आणि कामात काटेकोर असा हा गृहस्थ, नात सातवीत शिकते म्हणून पालकांच्या वतीने आला होता. दोघांच्या मनात एकमेकांविषयी निर्मळ आदर होता, आणि त्यामुळेच त्यांचा मतभेद आडपडद्यावाचून, शेवटपर्यंत बोलला गेला. त्या संध्याकाळचे ते संभाषण मला जसे आठवते तसे येथे देत आहे.

मेस्त्री : बाई, ही याद मी आठवडाभर बसून तयार केली आहे. सहा पाने झाली. जिन्नस कोणता, किती लागणार, कोठून आणायचा, कोणत्या वेळी पोहोचला पाहिजे आणि तो कोणाच्या जिम्म्यात राहील, असे पाच रकाने पाडले आहेत. साठ मुले आणि सहा मोठी माणसे, म्हणजे सहासष्ट पाने वाढायची. तांदूळ एका जेवणाला माणशी १०० ग्रॅम धरला तर ६ किलो ६०० ग्रॅम, डाळ त्याच्या निम्मी. पिण्याचे पाणी माणशी ३ लिटर, म्हणजे दिवसाला सुमारे २०० लिटर. अंथरूण-पांघरूण, कंदील, दोऱ्या, औषधपेटी, सकाळी सहापासून रात्री नऊपर्यंतचा कार्यक्रम, सगळे यात आले आहे. आपण मंजुरी द्या, म्हणजे उद्यापासून मी कामास लागतो.

बाई : मेस्त्री, अशी याद आमच्या शाळेत आजवर कोणी केली नव्हती, आणि मुलांविषयीची तुमची कळकळ तिच्या ओळीओळीत दिसते आहे. पण मी सहाही पाने वाचली आणि तुमचा शेवटचा रकाना बोट ठेवून तपासला. जबाबदार इसम म्हणून त्यात तुमचे नाव आहे, माझे आहे, शिक्षकांची आहेत, शिपायाचे आहे. साठांपैकी एकाही मुलाचे नाव नाही. ज्यांच्यासाठी शिबिर भरवायचे त्यांनी या शिबिरात करायचे ते काय?

मेस्त्री : त्यांनी आनंदाने राहायचे, पाहायचे आणि सुखरूप परत यायचे. बाई, मी फौंड्रीत वाढलेला माणूस आहे. आमच्याकडे साच्यात रस ओतण्याचे काम काही क्षणांचे असते, पण त्याच्या आधी पॅटर्न बनवणे, वाळू मळणे, कोअर भाजणे, साचा बंद करणे यांत दिवस जातात. वाळूत जरा जास्त ओलावा राहिला, तर सुमारे १४०० अंशांचा रस आत शिरताच त्या ओलाव्याची वाफ होते, ओतीव भागात पोकळ्या पडतात, आणि कधी तर रस उसळून जवळचा माणूस भाजतो. ओतल्यानंतर दुरुस्ती नाही. जे करायचे ते आधी. शिवाय आमचा बिघडलेला जॉब फोडून पुन्हा भट्टीत तरी घालता येतो. मुलाच्या बाबतीत तशी सोय परमेश्वराने ठेवलेली नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीस आलेले अनेक तरुण विद्यार्थी समुद्रात बुडून गेले, ती बातमी वाचल्यापासून शाळेची सहल म्हटले की मला आधी त्यांच्या घरांचे उंबरे दिसतात.

बाई : ते उंबरे माझ्याही डोळ्यांपुढून हललेले नाहीत, संमतिपत्रावर आईबापांची सही घेताना माझा हात जड होतो. तुमच्या काळजीला मी थोडीही कमी लेखीत नाही. परंतु आपण ज्या तालुक्यात बसलो आहोत त्याच तालुक्यातील कुंभोज गावी १८८७ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटील, म्हणजे आपले अण्णा, जन्मले. साताऱ्यास त्यांनी जे वसतिगृह चालवले आणि १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते ज्याला छत्रपती शाहूंचे नाव दिले गेले, तेथे नाना जातींची गरीब मुले एका पंगतीला बसत, आणि त्या पंगतीसाठी पाणी भरणारी, भाकरी भाजणारी, भांडी घासणारीही तीच असत. अण्णांना ती कामे चाकरांवर सोपवण्याची ऐपत नव्हती हे खरे. पण ऐपत आली असती तरी त्यांनी ती सोपवली नसती, असे मला वाटते. एका चुलीवर एकत्र राबलेल्या मुलांना एकमेकांची जात विचारण्याची गरज उरत नाही, हे त्यांनी ओळखले होते.

मेस्त्री : अण्णांचे नाव घेतलेत, तेथे मी हात जोडतो. पण बाई, दृष्टान्त येथे पुरता लागू पडत नाही. ते वसतिगृह वर्षानुवर्षांचे घर होते. पहिल्या महिन्यात करपलेली भाकरी सहाव्या महिन्यात सुधारत असे. आपला मुक्काम दोन रात्रींचा. पहिल्या रात्री भात कच्चा राहिला तर साठ मुले थंडीत उपाशी झोपतील, आणि तो सुधारण्यासाठी पुढचा महिना आपल्यापाशी नाही.

बाई : आक्षेप रास्त आहे, आणि त्याचे उत्तर तुम्हीच मघाशी दिलेत. ओतकाम क्षणाचे, तयारी दिवसांची. मग मुलांचे शिक्षण त्या दोन रात्रींतच व्हावे असा आग्रह का धरावा? शिबिराला अजून पाच आठवडे आहेत. पाच शनिवार शाळेच्या मैदानावर सहा-सहा मुलांच्या दहा टोळ्या पाडू. तीन दगडांची चूल मांडणे, वारा पाहून तिचे तोंड फिरवणे, दहा माणसांचा भात अंदाजाने शिजवणे, घोंगडी घट्ट गुंडाळणे, औषधपेटी उघडून तिच्यातील प्रत्येक वस्तूचे नाव सांगणे, हे सारे येथेच होऊ द्या. करपायचा तो भात येथे करपू दे, घर हाकेवर असताना. इंग्लंडात १९०७ च्या ऑगस्टमध्ये बेडन-पॉवेल यांनी ब्राउनसी बेटावर जे पहिले शिबिर भरवले, त्यात जेमतेम वीस-बावीस मुले होती. तरी त्यांच्याही टोळ्या पाडून प्रत्येक टोळीचे नायकपण एका मुलाकडे दिले होते. युद्धात वेढा सोसलेल्या सेनापतीला साध्या शिबिरात मुलांवर भरवसा टाकता आला. मग आपल्याला का येऊ नये?

मेस्त्री : भरवशाची गोष्ट काढलीत म्हणून सांगतो. २०१९ चा ऑगस्ट आठवा. पंचगंगेचे पाणी महामार्गावर आले, शिरोलीपाशी वाहतूक दिवसानुदिवस बंद पडली, ट्रकांच्या रांगा लागल्या, दूध नाही, पेट्रोल नाही. आणि दोनच वर्षांनी, २०२१ च्या जुलैत, पुन्हा तोच प्रसंग. त्या दिवसांनी मला एक गोष्ट शिकवली. ज्याच्या घरी आधी साठवण होती तो तरला. ज्याने वेळेवर पाहू म्हटले, त्याला वेळेवर काहीही मिळाले नाही.

बाई : त्याच पाण्याने मला दुसरी गोष्ट शिकवली. कोल्हापुरातील तालमींची आणि मंडळांची पोरे पुरात उतरली, माणसे काढली, हजारोंच्या जेवणाची सोय केली. त्यांच्या हातांत कोणी छापील याद दिलेली नव्हती. उत्सवांत महाप्रसादाची डेग उतरवण्याची, पंगती वाढण्याची, रात्र जागून काढण्याची सवय त्यांच्या हाडीमासी मुरलेली होती. संकट आले तेव्हा ती सवयच तयारी म्हणून उभी राहिली. साठवण कोठारात करावी हे तुमचे म्हणणे मी मानते. परंतु एक साठवण हातांतही करावी लागते, आणि ती दुसऱ्याने करून देता येत नाही.

(येथे दोघेही थोडा वेळ गप्प राहिले. बाहेर दुसरी पाळी सुटल्याचा भोंगा झाला, आणि सायकली-मोटारसायकलींचा लोंढा शाळेच्या फाटकावरून गेला. मेस्त्रींनी याद पुन्हा पुढे ओढली आणि चुलींच्या पानावर बोट ठेवले.)

मेस्त्री : हे पान पाहा. पायथ्याच्या माळावर त्या दिवसांत गवत वाळून कोळ झालेले असते. दहा टोळ्यांच्या दहा चुली म्हणजे दहा ठिणग्या. मी एकच चूल धरली आहे, आचाऱ्याच्या ताब्यात. हे तरी तुम्ही बदलू नये.

बाई : या कलमावर तुमच्या बाजूची सर्वांत मोठी साक्ष मीच काढते. राज्याभिषेकाच्या सुमारास शिवाजी महाराजांचे घोडदळ चिपळूणच्या बाजूस छावणी करून होते. त्या छावणीतील जुमलेदार, हवालदार आणि कारकून यांना महाराजांनी एक पत्र लिहिले. पावसाळ्याच्या बेगमीसाठी जमवलेला दाणा आणि गवत आताच उधळून टाकाल तर पुढे घोडी उपाशी मरतील. मग तुम्ही रयतेला ओरबाडाल, आणि रयतेला मोगलांपेक्षाही तुमचा जाच अधिक वाटेल, असे त्यात बजावले आहे. पुढे विस्तवाविषयी सांगताना, कोणी भलत्या जागी चूल पेटवील, कोणी तंबाखूसाठी आग नेईल, इथपर्यंतच महाराज थांबत नाहीत; रात्री दिवा तसाच ठेवाल तर उंदीर जळती वात ओढून गवतात नेईल, आणि सारी पागा भस्म होईल, हेही ते लिहितात. मेस्त्री, ज्या पुरुषापुढे एका राज्याची स्थापना उभी होती, त्याच्या मनात उंदराच्या तोंडातील वातीलाही जागा होती. शिबिराच्या तयारीविषयी याहून थोर पाठ मला ठाऊक नाही.

मेस्त्री : मग आपला वाद मिटला.

बाई : अजून नाही. मी ते पत्र वर्गात शिकवते तेव्हा दर वेळी एका गोष्टीवर थांबते. दिवे मालवा, एवढा हुकूम पुरेसा होता. शिपाई हुकमाचे ताबेदार होते. तरीही महाराज कारण सांगतात, वात कशी जाईल, गवत कसे पेटेल, घोडी कशी मरतील, रयत काय म्हणेल. रायगडावरून येऊन ते स्वतः प्रत्येक दिवा मालवणार नव्हते. उंदीर कोठून येतो हे छावणीतल्या अखेरच्या माणसाला दिसू लागले म्हणजे दिवा आपोआप मालवला जाईल, हे त्यांनी जाणले होते. तुमच्या यादीत पाच रकाने आहेत, मेस्त्री. सहावा रकाना कारणाचा हवा होता. कारण कळले की मूल हुकमाचे ओझे वाहत नाही. त्या कामाचे धनी होते.

मेस्त्रींनी यावर लगेच उत्तर दिले नाही. चष्मा काढून त्यांनी तो धोतराच्या सोग्याने पुसला, खिशातली पेन्सिल काढली, आणि यादीच्या पाठकोऱ्या बाजूवर एक आयत आखून त्याच्याभोवती थोडे अंतर सोडून दुसरा आयत आखला.

मेस्त्री : बाई, माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो, ती आधीच सुचायला हवी होती. लोखंडाचा रस थिजताना आकसतो. एक मीटर लांबीचा ओतीव भाग हवा असेल, तर पॅटर्न मी सुमारे १० मिलिमीटरांनी लांब करतो. नवा पोऱ्या कामाला आला की हटकून बरोबर मापाचा पॅटर्न करतो, आणि त्यातून निघालेला जॉब लहान भरतो. त्याला मी सांगतो, बाळ, जे अजून घडायचे आहे त्याच्यासाठी जागा सोडायला शीक. तसेच साच्याला आम्ही बारीक तार घालून भोके पाडतो, आतला वायू कोंडू नये म्हणून. आणि वर रायझर ठेवतो, म्हणजे आकसताना जॉबला कोठे कमी पडले तर तेथला राखीव रस खाली उतरतो. माझी ही याद आता मला त्या पोऱ्याच्या पॅटर्नसारखी दिसते आहे. बरोबर मापाची आहे, म्हणूनच तिच्यातून निघणारे शिबिर लहान भरेल.

बाई : आणि मला माझी चूक दिसते आहे. मोकळी जागा सोडा म्हणताना, ती जागा धरून ठेवणारी वाळू किती घट्ट ठोकावी लागते हे मी बोलून दाखवले नव्हते. पन्हाळ्याचेच पाहा. १६६० च्या मार्चपासून जुलैपर्यंत सिद्दी जौहरचा वेढा पडला असताना महाराज गडावर टिकून राहिले, त्यामागे गडावरचे कोठार आणि पाणी होते. अंबरखान्याच्या गंगा, यमुना, सरस्वती या कोठ्या आणि अंधारबाव मुलांना दाखवायची ती एवढ्यासाठीच. ज्या रामचंद्रपंत अमात्यांची समाधी त्या गडावर आहे, त्यांनीही आज्ञापत्रात गड बांधण्याआधी पाणी पाहावे असेच बजावले आहे. वेढ्यातून निसटण्याचे धाडस ज्या रात्री झाले, त्या रात्रीच्या मागे चार महिन्यांचा शिधा उभा होता.

मेस्त्री : मग आपण यादीची फोड करू. प्रत्येक कलमाला एकच प्रश्न विचारायचा. हे चुकले तर मूल दवाखान्यात जाईल, की नुसते कुडकुडेल, अर्धपोटी राहील, चिखलाने भरेल? पहिले असेल तर ते काम आपले; त्यात मुभा नाही, चर्चा नाही. दुसरे असेल तर ते मुलांचे.

बाई : धोक्याची तयारी मोठ्यांनी करावी, गैरसोयीची मुलांवर सोपवावी. लिहा हो, हे सर्वांत वर लिहा.

मी ते लिहिले, आणि त्यानंतर तासभर त्या कसोटीवर कलमे घासली गेली. वाहन मोठ्यांकडे गेले. शालेय सहलीला एस.टी. महामंडळ भाड्यात ५० टक्के सवलत देते, तेव्हा तिच्याच गाड्या मागवाव्यात आणि रात्रीचा प्रवास मुळीच करू नये असे ठरले. पाण्याची तपासणी, कोणत्या मुलाला कोणते औषध किंवा अन्न सोसत नाही याची फर्द, मुलींच्या स्वच्छतागृहाची आणि सोबत राहणाऱ्या शिक्षिकांची तरतूद, तटाच्या कडेला आणि विहिरीपाशी उभे राहणारे पहारे, रात्रीची पाळीपाळीची गस्त, ही सारी मोठ्यांची कामे ठरली. सर्पदंश झालाच तर आवळून बांधणे नाही, कापणे नाही. अवयव स्थिर ठेवायचा, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवायची आणि कोल्हापूरचे सी.पी.आर. रुग्णालय गाठायचे, हे प्रत्येक शिक्षकाने तोंडपाठ करावे असा ठराव झाला. चुली दहा न ठेवता तीन ठेवाव्यात, भोवतालचे गवत आदल्या दिवशी मोठ्यांनी काढावे, आणि पाण्याची बादली हाताशी असल्यावाचून काडी ओढू नये, यावर दोघांचेही एकमत झाले.

मुलांच्या बाजूला मग पुष्कळ उरले. जेवणात काय करायचे, त्याला शिधा किती लागेल, तो कोणत्या दुकानात कोणत्या भावाने मिळेल, पिशवीत काय घ्यायचे आणि काय वगळायचे, कोणती टोळी कोणत्या वेळी भांडी घासील, शेकोटीपाशी कोण काय सादर करील, दुसऱ्या दिवशीची दुपार कशी घालवायची, हे सारे त्यांनी ठरवायचे. घोंगडी विसरणाऱ्या मुलाचे काय, असे मेस्त्रींनी विचारले. त्याने आपल्या टोळीत मागून घ्यावी, असे बाई म्हणाल्या. आणि टोळीतही पुरली नाही तर, असे त्यांनी पुन्हा विचारले, तेव्हा बाई हसल्या. "दहा घोंगड्या माझ्या खोलीत बांधून ठेवतो, कोणाला कळू देऊ नका," मेस्त्री म्हणाले, "तो आपला रायझर."

पुढच्या शनिवारी मुलांना मैदानावर गोल बसवून बाईंनी हे सांगितले, आणि शिबिराला निघण्यापूर्वी तुमच्या मते काय काय तयार असले पाहिजे ते एकेकाने सांगावे म्हणून फळा पुढे ठेवला. बराच वेळ कोणी बोलेना. मग सातवीतला एक अबोल मुलगा उठला. त्याची आई आणि बाप दोघेही कामावर जातात, आणि पाण्याची वेळ होते तेव्हा घरी तो आणि त्याचा चार वर्षांचा भाऊ, असे दोघेच असतात. त्याने विचारले, "बाई, ते दोन दिवस आमच्या घरी पाणी कोण भरणार? आणि धाकट्याजवळ कोण बसणार?" त्याच्यामागून आणखी पाच-सहा हात वर झाले. ज्यांनी संमतिपत्र अजून आणून दिले नव्हते, तीच ती मुले होती.

साठ मुलांची अनुपस्थिती साठ घरांना जाणवणार होती, आणि काही घरांचा तर त्या मुलांवाचून दिवसच उलगडणार नव्हता, हे सहा पानांच्या त्या यादीत कोठेही नव्हते; बाईंच्या पाच शनिवारांतही नव्हते. ज्या मुलांना आपण जबाबदारी शिकवायला निघालो होतो, त्यांच्यापैकी कित्येकजण ती रोज उचलत होते, आणि त्यांच्या दृष्टीने शिबिराची तयारी त्यांच्या स्वतःच्या उंबऱ्यापासून सुरू होत होती. आम्ही विचारले नसते तर ती मुले काहीतरी सबब सांगून गप्पपणे मागे राहिली असती, आणि यावयाची इच्छा नव्हती असा शेरा मीच, माझ्या हाताने, हजेरीपटावर लिहिला असता.

मेस्त्री मैदानाच्या कडेला उभे होते. ते पुढे आले, माझ्या हातातील नवी याद त्यांनी घेतली, आणि पहिल्या कलमाच्याही वर जी कोरी जागा होती तेथे आपल्या ठसठशीत अक्षरांत लिहिले : घरचे पाणी, धाकटी भावंडे. जबाबदार इसम या रकान्यात त्यांनी स्वतःचे नाव घातले. कोणत्या घरी कोणाची कोणती पाळी असते हे साऱ्या वसाहतीत त्यांच्याइतके कोणाला ठाऊक होते? मग पेन्सिल सहाव्या रकान्यावर नेऊन ते क्षणभर थांबले, आणि त्या मुलाला जवळ बोलावून त्यांनी पेन्सिल त्याच्या हातात दिली, कारण लिहिण्यासाठी.